मोल्सवर्थ : ‘मोल’ म्हणजेही किंमत आणि ‘वर्थ’ म्हणजेही किंमत?

पानपलटी

काल रात्री एका भाषांतरासाठी ‘मोल’ शब्दाच्या छटा बघायला मोल्सवर्थचा कोश काढला. घरात आहे ती १९७५ साली पुण्याच्या शुभदा-सारस्वतने काढलेली आवृत्ती. वडिलांनी घेतलेली. पाठीचा कणा मोडलाय आणि ‘प’च्या पुढची पानं रबरबँडने बांधून ठेवावी लागतात. पान उलटता उलटता कव्हरवरच्या नावाकडे लक्ष गेलं आणि वीस वर्षांत कधी पडला नव्हता तो प्रश्न पडला. मोल्सवर्थ. मोल आणि वर्थ. मराठीतला ‘मोल’ म्हणजे किंमत आणि इंग्रजीतला ‘वर्थ’ म्हणजेही किंमत. मराठी-इंग्रजी कोश करणाऱ्या माणसाच्या आडनावातच डावीकडे मराठी शब्द आणि उजवीकडे त्याचा इंग्रजी अर्थ! कोशातली एक नोंदच जणू.

हा योगायोग आहे हे मलाही कळतं. पण मग त्या आडनावाचा खरा अर्थ काय? बायकोचं म्हणणं, मोल म्हणजे जमीन उकरणारा तो प्राणी. जाणकारांनी प्रकाश टाकावा. आणि दुसरं, या आडनावाची आणखी कुणी नाव काढण्यासारखी माणसं झाली का, की आपल्या कोशकारापाशीच सगळं थांबतं?

अर्धमात्रा

योगायोग झकास आहे, पण दोन्ही बाजूंनी फसवा.

आधी ‘मोल’. आपलं मोल संस्कृत ‘मूल्य’वरून, प्राकृतातल्या ‘मोल्ल’मार्गे आलेलं. त्याचा इंग्लंडशी काही संबंध नाही. आता ‘वर्थ’. किंमत या अर्थाचा वर्थ वेगळा आणि आडनावांच्या शेपटाला येणारा वर्थ वेगळा. जुन्या इंग्रजीत हे दोन स्वतंत्र शब्द होते. पुढे उच्चार आणि लेखन एकाच साच्यात येऊन बसलं, म्हणून आपली गल्लत होते. आपल्याकडे कर म्हणजे हात, कर म्हणजे टॅक्स आणि ‘पुणेकर’मधलाही कर, तसाच प्रकार.

आडनावातला वर्थ म्हणजे कुंपण घातलेली जागा. एखाद्या कुणब्याने आपलं घर, गोठा, परसू यांच्याभोवती कूड घालून जी वस्ती केली ती. आता याला मराठीत शब्द शोधा बरं. ‘वाडी’! संस्कृत ‘वाट’ म्हणजे कुंपण किंवा कुंपणाने बंदिस्त केलेली जागा, त्यावरून वाडा आणि वाडी. कोकणात अजूनही वाडी म्हणजे दहा-वीस घरांची वस्तीही असते आणि नारळ-सुपारीचं गडगा घातलेलं आगरही. इंग्रजांचा वर्थ अगदी असाच. शब्दांचं मूळ एक नाही हे लक्षात ठेवा, फक्त अर्थ चालून आलेली वाट सारखी आहे.

मग ‘मोल्स’ म्हणजे काय? इंग्लंडमध्ये मोल्सवर्थ नावाचं गाव आहे. ते पूर्वी हंटिंग्डनशरमध्ये होतं, आता केंब्रिजशरमध्ये मोडतं. विल्यम राजाने १०८६ साली जमीनमहसुलासाठी जी मोठी मोजदाद करवून घेतली त्या डूम्सडे बुकात हे गाव ‘मोलेसवोर्दे’ असं नोंदलेलं आहे. स्थलनामांचे अभ्यासक त्याची फोड करतात ती ‘मूल नावाच्या माणसाची वर्थ’ अशी. मधला ‘स’ हा षष्ठीचा प्रत्यय, आपल्या ‘चा-ची-चे’चं काम करणारा. म्हणजे सावंतांची वाडी ती सावंतवाडी, तशी मूलची वाडी ती मोल्सवर्थ.

आणि तिथून बाहेर पडून दुसरीकडे जो राहायला गेला तो ‘मोल्सवर्थचा’. थोडक्यात तुमचे कोशकार ‘मूलवाडीकर’.

पानपलटी

मूलवाडीकर! हे भारी आहे. पण घरात प्राण्याचा मुद्दा अजून निकालात निघालेला नाही. तुमच्या वहिनींच्या वतीने विचारतो असं समजा.

अर्धमात्रा

वहिनींना सांगा, शंका रास्त आहे, पण तारखा जुळत नाहीत. जमीन उकरणाऱ्या त्या प्राण्याला ‘मोल’ हे नाव इंग्रजीत दिसायला लागतं ते चौदाव्या शतकाच्या आसपास. त्याच्या आधी त्याचं नाव होतं ‘मोल्डवार्प’, म्हणजे माती उडवणारा. (काय नेमकं नाव होतं! का टाकलं कोण जाणे.) गावाचं नाव १०८६ सालीच कागदावर आहे. जो शब्द अजून जन्मालाच आला नव्हता त्याच्यावरून गावाचं नाव कसं पडणार?

पण प्राणी नाहीच असंही नाही. ‘मूल’ या नावाचा जुन्या इंग्रजीतला अर्थच मुळी खेचर! लॅटिन ‘मूलुस’वरून आलेला. घोडी आणि गाढव यांची संतती. माणसाला हे नाव का देत असतील? एक तर्क असा की ते टोपणनाव असावं, आई एका जमातीची आणि बाप दुसऱ्या, अशा मिश्र रक्ताच्या माणसाला दिलेलं. सातव्या शतकात मूल नावाचा एक राजाच होऊन गेला. वेसेक्स या सॅक्सन राज्याचा राजा कॅडवाला, त्याचा हा भाऊ. कॅडवालाने केंट जिंकून त्याला तिथे गादीवर बसवलं आणि वर्षभरातच, ६८७ साली, केंटच्या लोकांनी त्याला जाळून मारलं. गंमत अशी की भावाचं ‘कॅडवाला’ हे नाव सॅक्सन नाही, ते ब्रिटन लोकांच्या भाषेतलं, म्हणजे आजच्या वेल्श माणसांच्या पूर्वजांच्या भाषेतलं. घरात दोन रक्तं असावीत या तर्काला त्यामुळे जोर येतो.

हा राजा म्हणजेच गाववाला मूल, असं मात्र समजू नका. केंट कुठे आणि हंटिंग्डन कुठे. गाववाला मूल हा कुणी साधा जमीनदार असणार. त्याचं एवढं एक नाव उरलं, बाकी सगळं मातीत गेलं.

विहिरीचा रहाट

‘वर्थ’वरून आठवलं. क्रिकेटवाल्यांनी कान टवकारा. डकवर्थ-लुईसमधला डकवर्थ याच पंथातला. लँकेशरमधल्या ठिकाणाचं नाव. बटरवर्थ म्हणजे लोण्याची वाडी, बहुधा चांगलं लोणी देणारं कुरण. आणि डॅफोडिलवाले कविराज वर्ड्‌सवर्थ! त्यांच्या नावात ‘वर्ड’ म्हणजे शब्द आणि ‘वर्थ’ म्हणजे मोल असं आमच्या कॉलेजातले सर मोठ्या प्रेमाने सांगायचे आणि आम्ही वहीत उतरवून घ्यायचो. प्रत्यक्षात ते यॉर्कशरमधल्या वॉड्‌सवर्थ गावाच्या नावाचं बदललेलं रूप आहे. वाडीवालेच सगळे. सरांना आता सांगायची सोय नाही.

पाऊसपाणी_केंब्रिज

मी या भागात अकरा वर्षं राहतोय. ए-१४ नावाचा मोठा रस्ता हंटिंग्डनहून केटरिंगकडे जातो, त्यावरून थोडं आत वळलं की मोल्सवर्थ. पहिल्यांदा पाटी दिसली तेव्हा मी गाडीत एकटाच ओरडलो होतो, “अरे, कोश!” मग मुद्दाम वाकडी वाट करून गेलो. बघण्यासारखं म्हणाल तर एक जुनं चर्च, थोडी घरं, आणि बाकी डोळा जाईल तिथवर शेतं. आपल्याकडच्या लहान वाडीइतकीच वस्ती.

इथल्या लोकांना मात्र मोल्सवर्थ म्हटलं की कोश आठवत नाही, विमानतळ आठवतो. दुसऱ्या महायुद्धात तिथून अमेरिकेच्या ३०३व्या बॉम्बर ग्रुपची बी-१७ विमानं जर्मनीवर उडत. पुढे १९८०च्या दशकात तिथे अण्वस्त्रवाहू क्रूझ क्षेपणास्त्रं ठेवायचं ठरलं, तेव्हा शांततावाद्यांनी तळाबाहेर राहुट्या ठोकल्या. फेब्रुवारी १९८५ मध्ये एका रात्रीत सैन्य आणून तो तळ वेढला, काटेरी कुंपण घातलं आणि संरक्षणमंत्री मायकल हेसेल्टाइन लष्करी जाकीट चढवून स्वतः हजर झाले. त्या जाकिटावरून त्यांची पुढे कितीतरी वर्षं टिंगल झाली.

वर अर्धमात्रांनी वर्थ म्हणजे कुंपण घातलेली जागा हे वाचलं आणि हसू आलं. हजार वर्षांनी सरकारने पुन्हा एकदा नावाप्रमाणे वागून दाखवलं.

उच्चाराबद्दल. इथले लोक ‘मोल्झ्‌वर्थ’ म्हणतात. ‘स’ नाही, ‘झ’. जहाजातल्या ‘ज’सारखा. आणि ‘वर्थ’मधला ‘व’ ओठ गोल करून, घाईत जवळजवळ गिळून टाकलेला.

आजोळची पायरी

उच्चाराचा विषय निघालाच आहे तर. आपल्या लोकांनी या साहेबाच्या नावाचं काय केलं ते कुणीच कसं सांगितलं नाही? त्यांना मराठी लोक ‘मोलेसर शास्त्री’ म्हणत! ‘वर्थ’चा शेवटचा ‘थ’ जिभेला जड, तो गळाला आणि उरलं ‘सर’. मास्तरांना आपण पुढे ‘सर’ म्हणायला लागलो त्याचा इथे संबंध नाही, पण आजच्या कानाला ते किती चपखल लागतं. आणि पुढे ‘शास्त्री’. कंपनीच्या फौजेतल्या गोऱ्या अधिकाऱ्याला ही पदवी फुकट मिळालेली नाही.

आपल्या बखरींनी आणि लोकांनी इंग्रजी आडनावं अशीच उखळात घालून कांडली आहेत. एल्फिन्स्टनचा ‘अलपिष्टन’. स्ट्युअर्टचा ‘इष्टुर’, तोच तो वडगावच्या लढाईच्या वेळी १७७९ साली मारला गेलेला इष्टुर फाकडा. शत्रू असून शौर्याबद्दल त्याला ‘फाकडा’ म्हटलं, हे मला फार आवडतं. स्ट्युअर्ट म्हणजे मुळात घराचा राखणदार, कारभारी. तेव्हा मराठीत त्याचं आडनाव ‘कारभारी’ व्हायला हरकत नव्हती, पण ‘इष्टुर’मध्ये जो ठसका आहे तो त्यात कुठून येणार?

पानपलटी

मोलेसर शास्त्री! हे ऐकलं होतं, पण विसरलो होतो. कुणी कोशाबद्दल थोडं नीट लिहील का? नव्या वाचकांसाठी.

आजोळची पायरी

लिहिते. जेम्स थॉमस मोल्सवर्थ, जन्म १७९५. सोळा-सतराव्या वर्षी कंपनीच्या फौजेत भरती होऊन हिंदुस्थानात आले. इथे मराठी आणि संस्कृत शिकले आणि फौजेतलं काम मागे पडून शब्द गोळा करण्याचा नाद लागला. हाताशी पंडितांचा ताफा होता. त्या पंडितांचा स्वतंत्र मराठी-मराठी कोश १८२९ साली आला आणि मोल्सवर्थांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली. सोबतीला जॉर्ज आणि थॉमस कँडी हे जुळे भाऊ. पहिल्या आवृत्तीत सुमारे ४०,००० शब्द होते. मधल्या काळात तब्येतीमुळे ते विलायतेला परत गेले. इंग्रजी-मराठी कोशाचं काम त्यांनी सुरू केलं आणि थॉमस कँडींनी पुरं करून १८४७ साली छापलं. मग मोल्सवर्थ पुन्हा इकडे आले आणि १८५७ साली दुसरी आवृत्ती काढली, सुमारे ६०,००० शब्दांची. तिला जॉन विल्सन यांचा मराठी भाषेवरचा निबंध जोडलेला आहे. आज आपण ‘मोल्सवर्थ’ म्हणून वापरतो तो हाच. बाबा पदमनजींनी १८६३ साली त्याचा संक्षेपही केला. शिकागो विद्यापीठाने आख्खा कोश इंटरनेटवर टाकल्यापासून रबरबँडची गरज राहिलेली नाही, हेही जाता जाता.

माझ्या दृष्टीने या कोशाचं मोल (घ्या, आला शब्द) आकड्यात नाही. शब्द ग्रंथातला की बोलण्यातला, कोकणातला की देशावरचा, कवितेपुरता की रोजचा, हे नोंदीत सांगायची त्यांची तळमळ बघा. म्हणी, वाक्प्रचार, शिव्यासुद्धा. आमच्या आजीच्या तोंडचे कितीतरी शब्द मला नंतरच्या कोशांत सापडले नाहीत, ते या परक्या माणसाकडे सापडले. नंतरच्या कोशकारांनी ‘असभ्य’ म्हणून गाळलेलंही त्यांनी ठेवलं. त्या पंडितांची नावं मुखपृष्ठावर यायला हवी होती, हेही मी दर वेळी म्हणते आणि आजही म्हणते.

रूळखडी

आमच्या क्षेत्रात ‘मोल्सवर्थ’ म्हणजे वेगळंच पुस्तक! माझे आजोबा रेल्वेत होते. त्यांच्या खिशात मावेल अशी एक जाडजूड लहान वही असायची, इंजिनियरिंगच्या सूत्रांची आणि कोष्टकांची. तिला ते ‘मोल्सवर्थ’ म्हणायचे. लहानपणी मला वाटायचं मराठीच्या कोशाची ही खिशातली आवृत्ती. उघडून बघितली तर तुळयांचे भार आणि पाण्याचे दाब.

त्याचे कर्ते सर गिलफर्ड लिंडसी मोल्सवर्थ (१८२८-१९२५). आधी सिलोनच्या रेल्वेचे मुख्य इंजिनियर, मग १८७१ पासून हिंदुस्थान सरकारच्या रेल्वेचे सल्लागार इंजिनियर. ९६ वर्षं जगले. म्हणजे एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानात एकाच आडनावाची दोन संदर्भपुस्तकं चालत होती. एक शास्त्र्यांच्या फडताळात आणि एक इंजिनियरांच्या खिशात.

अर्धमात्रा

वा! हे मला नवीन.

मग बाकीचं घराणंही थोडक्यात. ते आपली वंशावळ पहिल्या एडवर्डच्या काळातल्या सर वॉल्टर द मोल्सवर्थपासून सांगतात. ‘द मोल्सवर्थ’ म्हणजे मोल्सवर्थचा, हाच तो आपला ‘कर’. पुढे दोन पाती झाली. एक आयर्लंडमध्ये, एक कॉर्नवॉलमध्ये.

आयर्लंडच्या पातीतला रॉबर्ट मोल्सवर्थ (१६५६-१७२५) डेन्मार्कच्या दरबारात इंग्लंडचा वकील होता. परत येऊन त्याने १६९४ साली डेन्मार्कवर पुस्तक लिहिलं. तिथल्या लोकांनी आपलं स्वातंत्र्य राजाच्या हाती कसं सोपवलं याची त्याने अशी चिरफाड केली की डेन्मार्कचा दरबार खवळला. १७२० साली साऊथ सी कंपनीच्या शेअरचा फुगा फुटला आणि लोकांची घरं बुडाली, तेव्हा पार्लमेंटात हा गृहस्थ उठून म्हणाला की गुन्ह्याला कायदा नसेल तर रोमनांनी पितृहत्या करणाऱ्याचं जे केलं ते करा, संचालकांना पोत्यात शिवा आणि थेम्समध्ये फेका. चिट फंडात पैसे घातलेल्या कुठल्याही माणसाला हे भाषण आपलंच वाटेल.

कॉर्नवॉलच्या पातीतले सर विल्यम मोल्सवर्थ (१८१०-१८५५). तत्त्वज्ञ हॉब्जचं समग्र लेखन १६ खंडांत यांनीच संपादित केलं. कैद्यांना ऑस्ट्रेलियात हद्दपार करण्याची पद्धत बंद व्हावी म्हणून संसदीय समिती चालवली. मंत्री असताना लंडनमधली क्यूची वनस्पतिबाग रविवारी लोकांना खुली केली. कष्टकऱ्यांना सुट्टी फक्त रविवारीच असायची, हे लक्षात घ्या. शेवटी वसाहतमंत्री झाले आणि तीनेक महिन्यांत वारले.

पण शब्दचर्चेच्या दृष्टीने त्यांची खरी देणगी वेगळीच आहे. चिलीतून आलेलं ते काटेरी, खवल्याखवल्यांच्या फांद्यांचं झाड असतं ना, इंग्रजीत ज्याला ‘मंकी पझल’ म्हणतात? सर विल्यमनी पेंकॅरो इथल्या आपल्या बागेत ते रोप पाहुण्यांना कौतुकाने दाखवलं. त्यांचे वकील मित्र चार्ल्स ऑस्टिन म्हणाले, यावर चढायचं तर माकडालाही कोडं पडेल. तेच नाव झाडाला चिकटलं, असं सांगतात.

विहिरीचा रहाट

मी एक भर घालतो. डब्लिनला आयरिश संसदेच्या दारासमोर येऊन थांबणारा रस्ता मोल्सवर्थ स्ट्रीट. वेलिंग्टनला न्यूझीलंडची संसद ज्या रस्त्यावर आहे तोही मोल्सवर्थ स्ट्रीट. डब्लिनचा आयरिश घराण्याच्या नावाचा आणि वेलिंग्टनचा या सर विल्यमच्या. पृथ्वीच्या दोन टोकांना दोन संसदा मूलच्या वाडीकडे तोंड करून बसल्यात.

पाऊसपाणी_केंब्रिज

आणि इथल्या सामान्य वाचकाला विचाराल तर त्याचा मोल्सवर्थ वेगळाच. जुन्या पिढीला मुलांसाठी गोष्टी लिहिणाऱ्या मिसेस मोल्सवर्थ माहीत. तेही सासरचं आडनाव. आणि पन्नाशी-साठीतल्या माणसाला नायजेल मोल्सवर्थ! जेफ्री विलन्सने लिहिलेला आणि रॉनल्ड सर्लने चितारलेला १९५०च्या दशकातला बोर्डिंगच्या शाळेतला उनाड पोरगा. त्याची ख्याती कशाबद्दल? शुद्धलेखनाच्या चुकांबद्दल. एकही वाक्य तो धड लिहीत नाही, स्पेलिंगची वाट लावतो. मी ऑफिसात सांगितलं की आमच्याकडे मोल्सवर्थ म्हणजे भाषेतला शेवटचा शब्द, तर एक बाई चहा सांडेपर्यंत हसल्या.

आजोळची पायरी

शुद्धलेखनावरून सांगते, कोशातले जोडीदार थॉमस कँडी यांनीच मराठीत विरामचिन्हं रुळवली. १८५० साली त्यांवर पुस्तिका काढली. म्हणजे या धाग्यावर आपण जे उद्गारचिन्हांचं पीक काढलंय त्याचा शेतसारा कँडीसाहेबांना.

रूळखडी

तर आता देवनागरीत लिहायचं कसं? मोल्सवर्थ, मोलस्वर्थ, मोलेस्वर्थ, मोल्झवर्थ, चारही छापलेली पाहिली आहेत.

अर्धमात्रा

माझं मत: मोल्सवर्थ. दीडशे वर्षांचा वापर आहे, तो मोडू नये. मोल्झवर्थ बरोबर असेल, पण मराठी डोळ्याला तो कुणी जर्मन वाटतो. मोलेस्वर्थ मात्र नको, त्यात नसलेला ‘ए’ ऐकू येतो.

विहिरीचा रहाट

‘ए’ नको म्हणता, आणि ‘मोलेसर’ला टाळ्या वाजवता!

अर्धमात्रा

मोलेसर हे लिप्यंतर नाही हो, बारसं आहे. त्याला नियम लावू नका.

पानपलटी

सगळ्यांचे आभार. आत्ता घरात वाचून दाखवलं. बायको म्हणते, प्राणी आहे असं मी म्हटलंच होतं, फक्त जात चुकली. आणि ‘मूलवाडीकर’ तिला मुळीच मान्य नाही. अर्थच करायचा तर पुरता करा म्हणते, ‘खेचरवाडीकर शास्त्री’.

मी अर्थात कोशाच्या कव्हरवर तसलं काही लिहिणार नाही. पण रबरबँड काढलाय आणि पुस्तक उद्या बाइंडरकडे जाणार आहे.